लाल दोऱ्याची पोती

साल दोन हजार एकवीस. बिमारीची दुसरी लाट मे महिन्यात गावं झोडपून गेली होती, आणि आषाढात पावसानं असं काही धरलं की पैनगंगा दोनदा काठ सोडून जैनथकडच्या शेतांत शिरली. त्याच आषाढाच्या शेवटी, आदिलाबादजवळ हमरस्त्याला लागून असलेल्या चंपतरावांच्या गोदामात गव्हाचा एक ट्रक परत आला. परत आलेले ट्रक त्या गोदामाला नवे नव्हते. पण हा आला तेव्हा चंद्रभागाबाईच्या नाकाला वास येत नव्हता, आणि ही गोष्ट तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती.

रस्त्यानं जाणारा माल सगळ्यांना दिसतो, परत येणारा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. नागपूरकडून हैदराबादला निघालेल्या गाडीची ताडपत्री फाटते, वळणावर थप्पी ढासळते, तेलाचा डबा फुटून साबणात मिसळतो. घेणारा दारातूनच हात हलवतो, की हा माल आम्ही उतरवणार नाही. पाठवणारा म्हणतो, एकदा मालाची पावती, बिल्टी, फाटली की माझा संबंध संपला. मग ड्रायव्हर त्या नकोशा मालासकट रस्त्यावर अडकतो. असा माल चंपतराव आपल्या गोदामात उतरवून घेत. विम्याचा माणूस येऊन फोटो काढून जाई. आणि त्यानंतर त्या मालाचं काय करायचं, हे चंद्रभागा ठरवी.

सव्वीस वर्षं ती हे करत होती. तिची आई जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदण करत गेली. चंद्रभागा या गोदामात आली ती फाटकी पोती शिवायला, दाभण आणि सुतळी घेऊन. शिवता शिवता तिला माल कळायला लागला. पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसला की आत ऊब आहे की गारवा, ते ती सांगे. दाणा दाढेखाली धरून फोडी आणि आवाजावरून ओल ओळखे. आणि नाक तर असं, की मिरचीची बुरशी पोतं उघडायच्या आधी सांगावी. तिचे तीन ढीग असत. तोंडाचा ढीग, गोठ्याचा ढीग आणि मातीचा ढीग. माणसानं खायचं ते पहिल्यात, जनावराला चालेल ते दुसऱ्यात, आणि जे कोणाच्याच पोटात जाऊ नये ते तिसऱ्यात. तिसरा ढीग गोदामामागं खड्डा करून चुन्यासकट पुरला जाई.

तोंडाच्या ढिगातली पोती ती लाल दोऱ्यानं शिवी. त्यावर तिचा एक नेम होता. लाल दोरा बांधला की त्यातली दोन ओंजळी घरी न्यायची, आपल्या चुलीवर रांधायची आणि पहिला घास आपण खायचा. मग गाडी सुटायची. चंपतराव पहिल्यांदा हसले होते. ती म्हणाली होती, "जे मी खाल्लं नाई ते लोकायले कसं देऊ?" पुढं ते हसायचे थांबले. इंद्रवेल्लीच्या बाजारात तर दुकानदार लाल दोरा बघून पोतं उचलत, हात घालून पाहत नसत.

मे महिन्यात तिला बिमारी झाली. ताप गेला, खोकला गेला. एक दिवस सून प्रीती म्हणाली, "आत्याबाई, यायचा सदरा तुमच्या उशाशी कोन ठेवला? तुमाले झोप कशी आली?" चंद्रभागेचा मुलगा हर्षदीप खाजगी शाळेत मास्तर होता. शाळा बंद पडल्यापासून तो फवारणीचा पंप पाठीला लावून लोकांच्या वावरात मजुरीनं जात होता. त्याचे औषधाच्या उग्र वासाचे कपडे घरात आणायचे नाहीत, बाहेर कुडावर टाकायचे, असं चंद्रभागेनंच ठरवून दिलं होतं. तो सदरा रात्रभर तिच्या डोक्याशी होता आणि तिला कळलं नव्हतं. त्या दिवशी तिनं कांदा फोडून हुंगला, घासलेट हुंगलं, शेणाचा गोळा हुंगला. सगळं पाण्यासारखं.

तिनं कोणाला सांगितलं नाही. कारण ताराबाई तिच्या डोळ्यांसमोर होती. ताराबाई आणि ती बरोबरीनं गोदामात लागलेल्या. ताराबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, तेव्हा चंपतरावांनी तिला नारळ-लुगडं देऊन घरी पाठवलं. वाईट मनानं नव्हे, मान देऊनच पाठवलं. पण ताराबाई तेव्हापासून ओट्यावर बसून असे, आणि मांडीवरच्या पदराला दिवसभर नसलेल्या दाभणानं शिवत असल्यासारखी तिची बोटं चालत. चंद्रभागेनं ती बोटं पाहिली होती.

प्रीती बी. ए. झालेली. घर चालावं म्हणून जुलैमध्ये ती सासूबरोबर गोदामात यायला लागली. ऑटोतून उतरताना पदर डोक्यावरून पुढं ओढून घेई, कॉलेजातलं कोणी दिसू नये म्हणून. हमाल तिला 'बी.ए.बाई' म्हणत. "बी.ए.बाई, हे पोतं इंग्रजीत उचलायचं का मराठीत?"  ती खाली बसून दाभणात सुतळी ओवत राही आणि पहिल्या आठवड्यात बोटं रक्ताळली तरी तिनं चिंधी बांधून काम केलं. चंद्रभागेला ते दिसत होतं. तोंडानं तिनं कौतुक केलं नाही.

तर तो गव्हाचा ट्रक. ड्रायव्हर सुरेंद्र हिंगणघाटचा, चाळिशीचा. मध्य प्रदेशातून गहू भरून हैदराबादच्या बाजूला एका पिठाच्या गिरणीत गेला होता. वाटेत पावसानं गाडीच्या लाकडी हौद्यात पाणी शिरलं आणि तळाच्या थप्प्या भिजल्या. गिरणीवाल्यांनी सळई खुपसून दाणे काढले, ओल मोजली आणि गाडी फाटकाबाहेर काढायला लावली. दोन दिवस तो फाटकाबाहेर उभा होता. पाणी मागायला गेला तर चौकीदारानं बाहेरचाच नळ दाखवला, आणि तो नळ कोरडा होता. गोदामात आला तेव्हा त्याचे पाय सुजलेले होते. चंद्रभागेनं आधी त्याला डब्यातली भाकर दिली, मग गाडीवर चढली.

तिनं हात घातला. वरची पोती थंड, कोरडी. तळाच्या पोत्यांची बुडं ओली, पण आत ऊब धरलेली नव्हती. म्हणजे सडलेलं नव्हतं. दाढेखाली दाणा फुटला तो कट्ट वाजून. तीन दिवस उघाड मिळाली होती. तिनं हमालांना सांगून भिजकी बुडं कापून वेगळी काढली, ती गोठ्याला. बाकीचं सगळं ताडपत्रीवर पसरलं आणि ती आणि प्रीती वाकून वाकून हातांनी ओळी ओढत गहू उलटापालट करत राहिल्या. दोन दिवसांत कंबरेचा काटा ढिला झाला. उन्हानं गव्हावर सोन्यासारखा रंग चढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रीतीनं मूठभर गहू उचलला आणि थांबली. "आत्याबाई, ह्या गव्हाले वास येते. यायच्या सदऱ्यासारखा."

हमाल ऐकत होते.  गोदामाच्या मागं लागूनच कपाशीची पऱ्हाटी होती आणि चौफेर फवारणी चालू होती. हवेला औषधाचा वास त्या दिवसांत असायचाच, हे खरं. पण पूर्वीची ती असती तर हवेतला वास कोणता आणि दाण्यातला कोणता, हे तिनं क्षणात वेगळं केलं असतं. तिनं प्रीतीच्या हातातला गहू घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि जराशानं मान हलवली, जशी सव्वीस वर्षं हलवत आली होती.

"मांगच्या वावरात फवारनी चालू हाय. हवा तिकडून येऊन राह्यली. पंधरा दिवस झाले नाई तुले येऊन अन् मले शिकवतं काय?"

"बी.ए.चं नाक हाय, बाई," एक हमाल म्हणाला आणि सगळे हसले. प्रीतीनं खाली मान घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. संध्याकाळपर्यंत सगळी पोती लाल दोऱ्यानं शिवून झाली. चंपतरावांनी सांगितलं की सकाळी आठला इंद्रवेल्लीहून बयनाबाई टेम्पो घेऊन येईल. बयनाबाई बाजारात किराणा चालवी. बिमारीनं मजुरी बुडालेल्या घरांना स्वस्तातला गहू हवाच होता, आणि तिनं वीस गावांना सांगून ठेवलं होतं.

चंद्रभागेनं पदरात दोन ओंजळी बांधल्या. त्या संध्याकाळी मात्र तिच्यानं चूल पेटवणं झालं नाही. अंग मोडून आलं होतं. सकाळी उठून रांधू म्हणून तिनं गहू सुपात ठेवला. पहाट फुटली तशी ओट्यावर बसून ती पाखडायला लागली.

सुपाच्या कडेला काळे सोंडे, धान्यातले किडे, जमले. भिजक्या गव्हात सोंडे असणारच, त्याचं काही नाही. ती बोटानं बाजूला सारत होती आणि तिचं बोट थांबलं. सोंडे हलत नव्हते. सूप हलवलं की सोंडा पळतो, उन्हाला ठेवला की दाण्यातून बाहेर पडून जीव घेऊन पळतो, हे तिनं हजार वेळा पाहिलं होतं. इथं सगळे उताणे, पाय पोटाशी घेतलेले. एकही जिवंत नाही. आता आठवलं, दोन दिवस ताडपत्रीवर गहू पसरला होता आणि एक चिमणी उतरली नव्हती. एक मुंगी आली नव्हती. तिला ते दिसलं होतं. नाक गेल्यापासून ती दाणा इतका लक्ष देऊन पाहत होती, की दाण्याभोवतालचं तिच्या ध्यानात शिरलं नाही.

भिंतीच्या कडेनं मुंग्यांची रांग जात होती. तिनं त्या रांगेत मूठभर गहू टाकला. रांग फाटली, थोडी भांबावली आणि गव्हाला वळसा घालून पुढं गेली.

 चूप राहिलं असतं तर कोणी विचारलं नसतं. लोकांच्या पोटात दुखलं असतं, दोन-चार दवाखान्यात गेले असते, त्या साली दवाखान्यात तसेही सगळेच होते. चुलीपाशी प्रीती चहा मांडत होती. चंद्रभागेनं तिला हाक मारली आणि सूप पुढं केलं.

"पाय, वास घेऊन पाय नीट."

प्रीती वाकली. "फवारनीचाच हाय, आत्याबाई. इथं तर पऱ्हाटी नाई ना. काल तुमीच तर हुंगला होता."

"मले वास येत नाई, पोरी. बिमारीपासून. काहीच येत नाई."

प्रीतीनं तिच्या हातातून सूप घेऊन खाली ठेवलं. काल सगळ्यांसमोर झालेली शोभा तिच्या तोंडावर आली असती तरी चंद्रभागेनं ऐकून घेतलं असतं. पण ती एवढंच म्हणाली, "चहा राहू द्या तसाच. आठची गाडी हाय." आणि हर्षदीपला उठवून तिनं ऑटो बोलवायला धाडलं.

त्या पोचल्या तेव्हा बयनाबाईच्या टेम्पोत निम्मी पोती चढली होती. बयनाबाई कमरेला पदर खोचून मोजत उभी होती, सुरेंद्र आपली रिकामी गाडी झाडून घेत होता, आणि चंपतराव काट्याशेजारी खुर्ची टाकून चहा पीत होते. चंद्रभागा सरळ टेम्पोपाशी गेली आणि हमालांना म्हणाली, उतरवा.

चंपतराव उठले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशीही चढला नाही. "चंद्रभागाबाई, काल तुमीच लाल दोरा बांधला."

"बांधला मीच. सोडीन बी मीच. शेटजी, ह्या गव्हात औषध हाय."

"काल हुंगलं तवा नव्हतं?"

हमाल थांबले होते. काल हसलेला हमाल पोतं खांद्यावर घेऊन तसाच उभा होता. चंद्रभागेनं पदर सारखा केला. "काल मी खोटं हुंगलं. माह्या नाकाले मे महिन्यापासून वास येत नाई. सुनेले आला होता, तिनं सांगतलं, मी तिले गप बसवलं."

हमालानं खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं. हमरस्त्यावरून दोन गाड्या गेल्या. मग बयनाबाई म्हणाली, "माय, तुमच्या लाल दोऱ्यावर माहं दुकान चालते. वीस गावाले सांगून ठेवलं मी. आता तुमी म्हनता नाक नाई. उद्या म्हनसान काही नाई झालं. कोनावर इस्वास ठेवावं मानसानं?"

"माह्यावर नका ठेवू. पान्यावर ठेवा," चंद्रभागा म्हणाली. तिनं टाकीतून बादली भरून घेतली, सुरेंद्रच्या गाडीच्या चाकावर पाय देऊन चढायला गेली. प्रीतीनं तिच्या हातातून बादली घेतली आणि लुगड्याचा काठ वर खोचून स्वतः हौद्यात चढली. आज तिचा पदर डोक्यावर नव्हता. कोपऱ्यातल्या फळ्यांमध्ये जिथं लाकूड काळपटलं होतं, तिथं तिनं पाणी ओतलं.

पाणी फळ्यांत जिरलं, मग फटीतून खाली गळायला लागलं. दुधासारखं पांढरं. पऱ्हाटी पिकवणाऱ्या त्या मुलखात लहान पोरालाही माहीत असतं की पाण्यात कशाचे दोन थेंब पडले की पाणी असं दुधावाणी होतं.

बयनाबाईनं तोंडाला पदर लावला. "व माय," एवढंच म्हणाली.

सुरेंद्र गाडीच्या सावलीत मटकन खाली बसला. मागच्या खेपेला फवारणीच्या औषधाचे डबे होते, एक फुटला होता, त्यानं नदीवर हौदा धुतला होता, धुतला म्हणजे गेलं असं त्याला वाटलं होतं. तो पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. लाकूड पिऊन बसलं होतं, आणि पावसाचं पाणी हौद्यात साचलं तेव्हा लाकडानं प्यालेलं ओकून दिलं. गिरणीवाल्यांनी ओल मोजली होती, तेवढीच. चंद्रभागेनं त्याला दोष दिला नाही. तिनंही तेच केलं होतं. जे मोजता येत होतं तेवढंच मोजलं होतं.

चंपतराव गाडीखाली पडणारे पांढरे थेंब बघत होते. मग त्यांनी विचारलं, मे महिन्यापासून जो माल निघाला त्याचं काय. ती म्हणाली, डाळ होती, साबण होता, फरशी होती. डाळ मीही खाल्ली. त्यात विष नव्हतं. असतं तरी मला कळलं नसतं, म्हणून आज सांगते आहे.

"तारेले मी घरी बसवलं, म्हनून लपवलं काय?"

 खाली बसून तिनं पहिलं पोतं पुढं ओढलं आणि विळ्यानं लाल दोरा कापला. मग दुसरं. काल शिवलेलं प्रत्येक पोतं तिनं आपल्या हातानं उसवलं. मध्येच प्रीती शेजारी येऊन बसली, आणि थोड्या वेळानं कालचा तो हमालही. गोठ्याला काढलेला ढीगही तिनं राहू दिला नाही. बाहेर चार म्हशीवाले बारदान घेऊन थांबले होते, त्यांना हात जोडून परत पाठवलं. सगळा एकच ढीग झाला, मातीचा. दुपारी मागं खड्डा खणला. चुन्याचा धूर उडत होता, तिचे डोळे वाहत होते. गव्हाचा तो रंग आत जाताना बघवत नव्हता. विम्याचा माणूस फोटो काढून गेला. आयुष्यात इतकं अन्न तिनं कधी मातीत घातलं नव्हतं.

संध्याकाळी ती दाभण आणि लाल दोऱ्याचं रीळ चंपतरावांच्या टेबलावर ठेवायला गेली. चंपतरावांनी ते पाहिलं, आणि हात लावला नाही.

"नारळ आनला नाई मी," ते म्हणाले. "सुनेचं नाक अन् तुमचं बाकी सगळं. चालते काय?"

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. सुरेंद्रनं त्याच पावसाळ्यात हौद्याच्या सगळ्या फळ्या काढून जाळल्या आणि लोखंडी तळ बसवला. अजून तो त्या रस्त्यानं जातो, आणि गोदामासमोर गाडी हळू करून हॉर्न वाजवतो. बयनाबाई महिनाभर फिरकली नाही. मग एक दिवस टेम्पो घेऊन आली आणि लाल दोऱ्याची पोती न उघडता उचलून गेली, जाताना म्हणाली की खोटं हुंगल्याचं सांगणारं मानूस म्या दुसरं पायलं नाई. त्या प्रसंगानंतर आठव्या दिवशी चंपतरावांनी ताराबाईच्या दारात ऑटो पाठवला. शिवायला डोळे लागत नाहीत, हे त्यांच्या इतक्या वर्षांनी ध्यानात आलं होतं. ताराबाईनं शेवटची दोन वर्षं गोदामातच काढली, आणि तिचा टाका डोळसांपेक्षा सरळ असे. चंपतराव आता थकले. गोदाम त्यांची मुलगी मीनल बघते. हर्षदीपची शाळा उघडली, तो तामसीला शिकवायला जातो. फवारणीचा पंप त्यानं विकून टाकला.

प्रीतीला कोणी बी.ए.बाई म्हणत नाही. नवे हमाल तिला मॅडम म्हणतात. ती ढीग लावते, गाड्यांच्या तळावर आधी पाणी ओतून बघते, आणि पसरलेल्या मालावर चिमण्या उतरतात की नाही, ते उभी राहून पाहते.

चंद्रभागेचा वास परत आला नाही. ती आता बाजेवर असते. पण लाल दोरा बांधला की प्रीती दोन ओंजळी घरी आणते आणि भाकर किंवा पोळी, जे असेल ते, चुलीवर टाकते. नेमाप्रमाणं पहिला घास तिचा, कारण माल तिनं काढलेला. ती ताट वाढते, वाकून वास घेते आणि मान हलवते. तेवढ्यात बाजेवरून एक सुरकुतलेला हात येतो आणि पहिला तुकडा मोडून नेतो.

"तुहं नाक," म्हातारी चावत चावत म्हणते, "माहा घास."